जाऊबाईंच्या हिरव्या चौकटी

निम्मा रस्ता संपला तरी मोठ्या जाऊबाई बसमध्ये बसायला तयार नव्हत्या. डॉक्टरांकडून आम्ही दोघी परतत होतो. कालव्याच्या कडेकडेनं त्या पुढे, औषधांची पिशवी सांभाळत मी मागे.

"ताई, पाय दुखतील हो."

"दुखू देत. पायांना रस्ता आठवतोय तोवर चालून घेते."

जाऊबाईंनी जन्मभर बायकांचे कपडे शिवले. शाळा सातवीतच सुटली. लेक नोकरीसाठी दूर गेली, तेव्हा जाताना आईच्या फोनवर शब्दकोडं घालून गेली. रोज एक लपलेला शब्द. अंदाजानं एकेका ओळीत अक्षरं भरायची; बरोबर आलं की चौकट हिरवी होते, चुकलं की पुढच्या ओळीत नवा अंदाज. मशीनवर बसण्याआधी जाऊबाई ते सोडवायच्या, तिकडे लेक सोडवायची, आणि दोघी आपापल्या चौकटी एकमेकींना पाठवायच्या. आई ठीक आहे, हे लेकीला तेवढ्यावर कळायचं.

नवा शब्द सापडला की जाऊबाई दिवसभर तो मिरवायच्या. 'गवाक्ष' आला त्या दिवशी गिऱ्हाइकाला म्हणाल्या, "पाठीला गवाक्ष ठेवू, की भिंतच बरी?" 'तितिक्षा' म्हणजे सोसण्याची ताकद, हे कळल्यावर नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "यांच्याबरोबर इतकी वर्षं तेच केलं. नाव तेवढं ठाऊक नव्हतं."

आता त्याच जाऊबाई कात्री मागताना अडतात. "ते... कापायचं दे गं." आज डॉक्टर म्हणाले, हे वाढतच जाणार, गोळ्यांनी फार तर वेग कमी होईल. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत राहिले. दुसरं माझ्या हातात होतं काय?

पुलाच्या कठड्याला टेकून त्यांनी फोन दाखवला. आज सकाळच्या कोड्यात सगळ्या ओळींत एकच चुकीचा शब्द पुन्हा पुन्हा भरलेला. खाली लेकीचा निरोप: 'आई, झोपेत खेळलीस की काय?'

"आज हसली ती. उद्याही असंच झालं तर हसणार नाही. नोकरी टाकून धावत येईल. मग तिला परत पाठवणं मला जमायचं नाही."

"अहो, पण कधीतरी सांगावंच लागेल ना?"

"सांगेन की. आधी तोंडात शब्द तर येऊ देत." त्या स्वतःच हसल्या. मला हसू येईना.

मग त्यांनी फोन माझ्या हातात ठेवला आणि वरून माझी मूठ घट्ट दाबली.

"धाकटे, उद्यापासून तू सोडव. माझ्या फोनवरून. फार हुशारी दाखवू नकोस, एखादी ओळ चुकव. मी सोडवल्यासारखं दिसायला हवं."