भावाच्या मापाची सायकल

सायकलची फ्रेम घरी आली त्या दिवशी माझ्या भावाचं वजन पंच्याहत्तर किलो होतं. पायात बूट, डोक्यावर हेल्मेट आणि पाठीवर पाण्याची पिशवी अडकवून तो वजनकाट्यावर उभा राहिला होता आणि आकडा मला वाचायला लावला होता. म्हणून तो इतका पक्का लक्षात आहे.

"सगळ्या सामानासकट वजन लागते, ताई. नुसत्या अंगाचं नाई," तो म्हणाला. मी हसले. सायकल घ्यायला वजन कशाला लागतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

तो माझ्याहून सात वर्षांनी लहान. अकोल्याला आयटीआयमध्ये फिटरच्या पोरांना शिकवायचा. लग्न केलं नाही, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकटा राहायचा. मी अमरावतीला, मुलींच्या शाळेत शिवण शिकवते. महिन्यातून दोन शनिवारी अर्धी शाळा सुटली की मूर्तिजापूरवरून जाणारी बस धरायची आणि रविवार त्याच्याकडे काढायचा, असा आमचा नेम होता. पण पावसाळा संपला की तो रविवारीही घरी सापडायचा नाही. परतवाड्यापर्यंत बसने, तिथून जीपच्या टपावर सायकल बांधून मेळघाटात, आणि उतारावरून दगडगोट्यांच्या वाटेने खाली. त्या सायकलीला कुठेच शॉकअप नव्हते. पंचेचाळिशीला त्याची कंबर धरली. डॉक्टरांनी सायकल बंद करा म्हणून सांगितलं. त्याने सायकल बंद केली नाही, दोन्ही चाकांना शॉकअप असलेली नवी करायला घेतली.

"तयार का घेत नाहीस?" मी विचारलं.

"तयार घेतली तर ती कोन्या दुसऱ्याच्याच मापाची असते. तू रेडिमेड ब्लाऊज घालतं का?"

मी नाही घालत. तेवढ्यावर मला पटलं.

फ्रेम पुण्याच्या एका माणसाने वापरलेली होती. पुढचं चाक धरणारा फोर्क कुठून तरी दुसरीकडून आला, मागचा शॉकअप तिसरीकडून. चाकं त्याला स्वतः बांधायची होती, म्हणून रिम वेगळी, हब वेगळे आणि स्पोकचा जुडगा वेगळा. मी गेले की बाहेरच्या खोलीत प्रत्येक वेळी एक नवं खोकं असायचं. तो त्यातली वस्तू काढून माझ्या हातात द्यायचा आणि ती काय काम करते ते सांगायचा. मागचा शॉकअप मला आवडला होता. वीतभर लांबीचा, आत नुसती हवा. त्याच्या चकचकीत दांड्यावर एक बारीक काळी रबराची रिंग होती.

"माणूस बसला की हा दबते," त्याने समजावलं. "दबता दबता रिंगेले ढकलत नेते. आपन उतरलो की हा वापस येते, रिंग मात्र तिथंच राहते. मंग मोजायचं. पूर्ण दबला तर पन्नास मिलिमीटर. नुसतं बसल्यावर पंधरा पाहिजे. कमी दबला तर हवा जास्त हाय, जास्त दबला तर हवा कमी हाय. ज्याच्या त्याच्या वजनाले हवा."

दसऱ्यापर्यंत सायकल उभी होईल, असा त्याचा हिशेब होता.

पण त्या आधीच, एका रविवारी जेवताना भाकरीचा घास त्याच्या घशाखाली अडकला. पाणी पिऊन, छाती चोळून तो "काई नाई" म्हणाला. पुढच्या वेळी मी गेले तर तो भाकर वरणात कुस्करून खात होता. त्याच्या पुढच्या वेळी नुसतं वरण. मी त्याला धरून डॉक्टरकडे नेलं. आधी अकोल्याला, मग नागपूरला. अन्ननलिकेत गाठ होती. नागपूरच्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सगळं नीट सांगितलं. ऑपरेशन होण्यासारखं राहिलेलं नव्हतं. उपचारांनी काही महिने मिळतील, म्हणाले. परतीच्या गाडीत तो खिडकीशी बसला होता. बडनेरा गेल्यावर तो पहिल्यांदा बोलला.

"शॉकअपची बुश बसून नाई राहिली फ्रेममंदी. लेथवर नवी करा लागन."

मी शाळेतून रजा घेतली आणि अकोल्याला राहायला गेले. माझे यजमान अमरावतीलाच राहिले. "तू जा, इकडचं मी बघतो," एवढंच ते म्हणाले.

औषधांनी भावाच्या बोटांना मुंग्या यायच्या. पाना धरला की हातातून गळून पडायचा. ज्या माणसाने वीस वर्षं पोरांना कानस कशी धरायची ते शिकवलं, त्याला साधा नट पकडता येईना. दोन दिवस तो बाहेरच्या खोलीकडे फिरकलाच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाला, "ताई, हात तुहे, डोकं माहं. जमते का?"

जमवलं. तो खुर्चीत बसायचा, मी खाली सतरंजीवर. पहिलं काम बुशचं. फ्रेम आणि शॉकअप वेगवेगळीकडून आल्यामुळे दोघांना जोडणारी बुश एक मिलिमीटरने रुंद पडत होती. तो मला माप लिहून द्यायला निघाला, पण आकडे वाकडे आले. मग मीच लिहिले आणि त्याच्या एका जुन्या मित्राच्या लेथवर घेऊन गेले. हा मित्र त्याच्याच बरोबर शिकलेला, आता स्वतःचं टर्निंगचं दुकान चालवणारा. बापाचंही तेच दुकान होतं. त्याने कागद पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं.

"सर काहून नाई आले?"

मी सांगितलं. त्याने मशीन बंद केलं. हात पुसले.

"बसा ताई," मग म्हणाला. "नाजूक काम हाय, घाई नाई करत."

एक बुश करायला त्याने तासभर लावला. तीनदा मोजली, एकदा टाकून दिली, पुन्हा केली. त्या दिवसापासून तो दर शुक्रवारी नमाजनंतर घरी यायला लागला. भावाजवळ बसायचा. मी चहा ठेवायची. भाऊ प्यायचा नाही, पण कप हातात धरून ठेवायचा.

चाकं मी बांधली. बत्तीस स्पोक, एक याच्या वरून, एक त्याच्या खालून. मला ते विणकामासारखं वाटलं आणि म्हणून सोपं गेलं. आऊट काढणं, म्हणजे चाकाची डगमग घालवणं, मात्र अवघड. चाक फिरवायचं, जिथे डावीकडे सरकतं तिथला उजवा स्पोक किंचित ताणायचा, पुन्हा फिरवायचं. "अर्धा फेरा," तो खुर्चीतून सांगायचा. "अर्ध्याचा अर्धा. आता थांब." एकदा मी पाहिलं तर त्याचे डोळे मिटलेले होते. स्पोक ताणताना जो बारीक आवाज होतो त्यावरून तो सांगत होता. ब्रेकच्या तेलातली हवा काढायला आम्हाला चार दिवस लागले. त्यात तीन दिवस तो आजारी होता.

सायकल उभी राहिली तेव्हा थंडी संपत आली होती. करड्या रंगाची, लांब, थोडी कुबड काढल्यासारखी. त्याने कागदावर आधीच लिहून ठेवलेला आकडा वाचून मी छोट्या पंपाने मागच्या शॉकअपमध्ये हवा भरली. पंच्याहत्तर किलोला लागते तेवढी. मग तो बूट घालून, हेल्मेट लावून, भिंतीला हात टेकवून सायकलवर बसला. मी मागे वाकून रिंग बघत होते.

रिंग नऊवर थांबली.

काटा मी रोज पाहत होते, त्याचं वजन किती उतरलं ते मला ठाऊक होतं. सीटवर बसून त्याला खालचं काही दिसत नव्हतं. मी अंगठ्याने रिंग हळूच पुढे सारली.

"किती?"

"पंधरा," मी म्हणाले.

तो उतरला. वाकून पाहिलं. रिंग पुन्हा मागे ढकलली आणि मला म्हणाला, "तू तिकडं, दारापाशी उभी राह्य." तो एकटाच चढला, बसला, उतरला. पुन्हा वाकला. या वेळी वर यायला त्याला जरा वेळ लागला.

"रिंग तू सरकवली."

"हो."

"काहून?"

तो माझ्याजवळ येऊन दाराला टेकला.

"बाईचं माप घेताना, तिले बरं वाटावं म्हनून टेप ढिला धरतं का तू?"

"नाही."

"मंग."

मी तोंडाला पदर लावला आणि रडले. आजार कळल्यापासून मी त्याच्यासमोर रडले नव्हते. त्याने मला रडू दिलं. मग म्हणाला, "आता हवा सोड. थोडी थोडी. मी सांगतो."

शॉकअपच्या तोंडाशी बारीक फुस्स आवाज झाला. तो बसला, मी मोजलं. अकरा. पुन्हा हवा सोडली. तेरा. पुन्हा. पंधराला तो म्हणाला, "हं. हे माहं." त्या दिवशी तो एकसष्ट किलो होता.

नंतर दर पंधरवड्याला तो स्वतःच आठवण करायचा. "ताई, हवा पाहून घेऊ." आणि दर वेळी थोडी सोडावी लागायची. मी पुन्हा कधी रिंगेला हात लावला नाही. आकडा दिसेल तो मोठ्याने वाचायचा, एवढंच.

चालवली त्याने दोनच सकाळी. त्याच्या कॉलनीमागे मोकळं मैदान आहे. पलीकडे कुणाच्या तरी बांधकामाच्या विटांचा ढीग आणि निंबाची उघडी पडलेली मुळं. पहिल्या सकाळी लेथवाला मित्रही आला होता. तो एका बाजूने, मी एका बाजूने, सायकल शिकणाऱ्या पोराबरोबर चालतात तसे चाललो. दहा पावलं गेल्यावर भाऊ म्हणाला, "सोडा आता." आम्ही थांबलो. तो मैदानाला एक फेरी मारून थेट मुळांवर गेला. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा तो मुळांच्या पलीकडे होता आणि वळत होता. विटांच्या तुकड्यांवरून परत आला. धाप लागली होती. चेहरा घामाने भिजला होता.

"कळलंच नाई," तो मित्राला म्हणाला. "एवढी मुळं, पन खाली काई हाय असं वाटलंच नाई."

मित्राने वाकून स्वतः केलेली बुश बोटाने चाचपून पाहिली.

तिसऱ्या सकाळी त्याला पाय पलीकडे टाकता आला नाही. सायकल धरून तो तसाच उभा राहिला, आणि मग "चाल घरी" म्हणाला. मी सायकल ढकलत नेली. तो माझा खांदा धरून चालला.

पोळ्याला आठ दिवस असताना तो गेला. दुपारची वेळ होती, मी त्याच्या ओठांना ओला कापूस लावत होते. शेवटच्या आठवड्यात तो फार बोलत नव्हता. सायकलचं काय करायचं हे त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. विचारायला हवं होतं, असं नंतर कितीदा तरी वाटलं.

तेरावं झाल्यावर फ्लॅट रिकामा करून दिला. मित्राने त्याच्या ओळखीच्या टेम्पोतून सायकल अमरावतीला आणून पोचवली. बैठकीच्या खोलीत ती भिंतीला टेकून राहिली. धूळ बसू नये म्हणून मी तिला जुन्या साडीची खोळ शिवली. दिवाळी गेली, संक्रांत गेली. मित्राचा फोन यायचा.

"ताई, अशी उभी नका ठेवू. कोनाले तरी चालवू द्या, नाई तर तुमी चालवा. शॉकअपचं रबर सुकते."

मी हो हो म्हणायची. त्या शॉकअपमध्ये त्याच्या शेवटच्या वजनाची हवा होती. एकावन्न किलोची. ती मीच मोजून ठेवलेली. मी बासष्ट किलोची. चालवायची म्हणजे त्यात माझी हवा भरावी लागणार. आणि नुसता पंप लावला तरी आतली थोडी हवा पंपाच्या नळीत येते, हे त्यानेच मला शिकवलं होतं. म्हणजे हात लावला की ते माप गेलंच.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी खोळ काढली. का त्याच दिवशी, ते सांगता येत नाही. पंप लावला. पंपावरचा काटा थरथरला आणि खाली आला. मग हवा भरली, भिंतीला हात टेकवून बसले आणि यजमानांना रिंग बघायला सांगितली.

"पंधरा असेल," ते म्हणाले.

"असेल नको. नीट बघा."

त्यांनी चष्मा आणला, जमिनीवर बसून फूटपट्टी लावली. "अठरा," म्हणाले. मी आणखी हवा भरली.

शाळेत असताना मी सायकल चालवायची. अंगाला ते आठवलं. दुसऱ्या दिवशी पहाट उजाडल्यावर सलवार-कमीज घालून छत्री तलावाकडे निघाले. रस्ता सोडून कडेच्या मातीच्या वाटेला लागले. दगड दिसला की हात आवळले जायचे, पण चाक त्यावरून जायचं आणि मला काहीच कळायचं नाही. त्याने सांगितलं होतं अगदी तसंच. मला मात्र वाटत होतं, एखादा तरी दणका बसावा. हाडापर्यंत कळेल असा. नाही बसला.

तलावापाशी थांबले. फिरायला आलेल्या चार-पाच बाया भोवती जमल्या. माझ्याच वयाच्या. एकीने सीट दाबून पाहिली, एकीने चाकाच्या जाडीचं नवल केलं.

"पोरानं घेऊन देल्ली का?" तिसरीने विचारलं.

"नाही. भावाने केलेली आहे. स्वतः जोडून."

"हो का? मोठा हुशार हाय तुमचा भाऊ. कुठं असते?"

"अकोल्याला," मी म्हणाले.

"जवळच हाय मंग. येत-जात असन."

मी मान हलवली. त्या पुढे निघाल्या. ऊन वर आलं होतं. मी सायकल वळवली आणि घरी आले.