इस्त्रीवालीचं नाक

जिन्याखालच्या खोलीतली इस्त्रीवाली नाकाने काम करायची. तिच्या इस्त्रीचं उष्णता कमीजास्त करायचं बटण कधीचंच निकामी झालं होतं. इस्त्री चिंधीवर टेकवायची, चिंधी हुंगायची, की तिला कळायचं, हे सुती कपड्याला चालेल, रेशमाला नाही. बटण दुरुस्त करून घे म्हणणाऱ्यांना ती विचारायची, "का? माझं नाक काय भाड्याने दिलंय?" इतक्या वर्षांत तिच्या हातून एक कपडा जळला नव्हता आणि त्याचा तिला भारी तोरा होता.

साथ आली आणि सगळं बंद झालं. नवरा दूरच्या बांधकामावर अडकला. फोनवर रोज "येतो, येतो" म्हणायचा, पण यायला वाट कुठे होती? खोलीत ती, नऊ वर्षांची थोरली आणि पाच वर्षांचा बारक्या. टेबलावर आईचं काम, टेबलाखाली बारक्याचं घर, आणि उरलेल्या जागेत थोरलीची शाळा, तीही फोन मोकळा असला तर. वरच्या मजल्यांवरून नुसते शर्ट यायचे, पँट एकाचीही येईना.

"कॅमेऱ्यात कमरेपर्यंतच दिसतात ना," थोरली म्हणाली, "खाली चड्डीवरच बसतात सगळे."

तिघंही पोट धरून हसली होती. मग त्यातल्याच एका शर्टवाल्याला पांढऱ्या पोशाखातली माणसं घेऊन गेली आणि तो परत आला नाही. त्याचे शर्ट घडी करून टेबलावर तसेच पडून राहिले.

एका दुपारी तिने चिंधी हुंगली. कसलाच वास आला नाही. अजून तापली नाही वाटतं, म्हणून तिने इस्त्री शर्टावर दाबून धरली.

"आई, जळतंय!" टेबलाखालून बारक्या ओरडला. "घाण वास येतोय!"

शर्टाच्या पाठीवर इस्त्रीएवढा काळा डाग पडला होता. तिने शर्ट नाकाला लावला. काही नाही. लसूण ठेचून नाकाशी धरला, नाकात कोंबायचाच काय तो बाकी ठेवला. काही नाही. वास जातो म्हणजे काय, हे तोवर शेंबड्या पोरालाही ठाऊक झालं होतं.

पण रडत बसायची सोय नव्हती. तोंडाला फडकं बांधून ती थोरलीला म्हणाली, "आजपासून बारक्याचं सगळं तू बघायचंस. माझ्याजवळ कुणी यायचं नाही."

थोरली जागची हलली नाही. "आई, मी तर टेबलाला टेकूनच बसले होते."

"मग?"

"मलापण नाही आला वास. कालपासून साबणाचाही येत नाही. सांगितलं तर मला घेऊन जातील, म्हणून बोलले नाही."

आता उरला बारक्या. समोरच्या खोलीत एक मावशी एकटीच राहायची. तोंडाने फटकळ, मनाने चांगली. इस्त्रीवालीने लांबूनच हाक मारली. दार किलकिलं झालं आणि मावशीने सगळं ऐकून घेतलं.

"मला दमा आहे बाई," मावशी म्हणाली. "पण पोराला वाऱ्यावर कसं सोडायचं? त्याला वास येतोय ना? मग पाठव इकडे."

इस्त्रीवालीचा जीव भांड्यात पडला. तिने कपड्यांची पिशवी भरली आणि बारक्याला बाहेर उभं केलं. "जा राजा, मावशीकडे. थोडेच दिवस."

"आणि ताई?"

"ताई माझ्याजवळ राहील. आम्हाला वास येत नाही ना."

बारक्याने दोघींकडे पाहिलं आणि पिशवी खाली ठेवली.

"मलापण येत नाही."

"काय?"

"वास. मगाशी मी खोटंच सांगितलं."

मावशीचं दार अर्धं लागलं. इस्त्रीवाली आत धावली, ठेचलेला लसूण कागदावर घेऊन आली. "हुंग!"

बारक्याने हुंगला. डोळ्यांत पाणी आलं, पण चेहरा त्याने जराही हलू दिला नाही. "नाही येत."

"मावशी, तो खोटं बोलतोय हो. शपथेवर सांगते!"

"असेलही," मावशी दाराआडून म्हणाली. "पण त्याला लागण नाही, हे मी कशावरून धरू, सांग? मला माफ कर."

दार लागलं. कडीचा आवाज आला.

बारक्याने धावत येऊन आईच्या पायांना मिठी मारली. "दूर हो!" ती ओरडली आणि तिने त्याला ढकललं. तो पुन्हा आला. तिने पुन्हा ढकललं. तिसऱ्यांदा तो आला, तेव्हा तिचे हात उठलेच नाहीत.