पालथा स्टॅच्यू

नव्वदच्या दशकात आमच्या पनवेलमध्ये माझ्या आजाराचं नाव कुणाला धड घेता येत नसे. सिस्टिक फायब्रोसिस. छातीत घट्ट कफ, मिठासारखा खारट घाम आणि भरीस भर म्हणून दोन्ही नाकपुड्यांत मांस वाढलेलं. मी तोंडानेच श्वास घ्यायची आणि तोंडानेच अखंड बडबडायची. घरच्यांना बडबडीचाच त्रास जास्त होता.

ते मांस काढायच्या ऑपरेशनआधी नाकाचा सीटी स्कॅन हवा होता. पालथं झोपायचं, हनुवटी पुढे काढून मान वर धरायची आणि जराही हलायचं नाही. खोकायचं तर नाहीच. हलली तर भूल द्यावी लागेल, आणि या छातीला भूल म्हणजे धोका, असं डॉक्टर म्हणाले. आईचा चेहरा पडला. मला मात्र हसू फुटलं. अहो, स्टॅच्यूच्या खेळात अख्ख्या कॉलनीत मला कुणी हरवलं नव्हतं!

मग आमच्या दिवाणावर तालीम सुरू झाली. आई "स्टॅच्यू!" म्हणायची की मी पालथी, मान वर. शेजारची पोरं समोर बसून वाकुल्या दाखवायची. एकदा कोन गावाहून येणारी मासळीवाली मावशी दारातच किंचाळली, "आगो बाय, पोर हलत नाय! काय झालाय तिला?" तरी मी ढिम्म. नियम म्हणजे नियम. ज्याने स्टॅच्यू केला, त्यानेच 'ओव्हर' म्हणायचं, तोवर हलायचं नाही.

स्कॅनच्या दिवशी आईने पाठ थोपटून माझा कफ मोकळा केला, टेबलावर हनुवटी टेकवून दिली, कानात "स्टॅच्यू" म्हणाली आणि काचेपलीकडे गेली. मशीन घरघरलं. खोकला घशात गुदगुल्या करत होता, मी त्याला मनातल्या मनात दटावत होते. अखेर घरघर थांबली आणि टेक्निशियनकाका आत आले.

"झालं बाळा, फोटो छान आलेत. ऊठ आता."

मी उठले नाही.

"अगं, ऊठ ना!" त्यांनी खांदा हलवला. मी डोळासुद्धा हलवला नाही. काका घाबरले. "ताई, लवकर आत या!"

आई धावत आली, माझ्याकडे बघितलं आणि तिला सगळं कळलं. ती पोट धरून हसायला लागली, हसता हसता रडायलाच लागली. इतक्या दिवसांची भीती अशी बाहेर पडत होती की तो एक शब्द तिला काही केल्या बोलवेना. मी खोकला दाबून वाट बघत राहिले.

शेवटी तिने माझ्या खारट कपाळावर ओठ टेकले. "ओव्हर."

मग मी मनसोक्त खोकले.