कानवाला आणि कोपऱ्यातला आकडा

त्याला आमच्या भागात सगळे कानवाला म्हणत. भिंतीत पाणी कुठे मुरतंय ते शोधून काढायचं, हा त्याचा धंदा. हातात एक लोखंडी सळई. तिचं एक टोक भिंतीला टेकवायचं, दुसरं स्वतःच्या कानाला, आणि डोळे मिटून उभं राहायचं. मग खडूने एक फुली मारायची आणि तिथेच फोडायचं. फुली चुकली तर फोडलेली फरशी तो स्वतःच्या हाताने परत बसवून द्यायचा.

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या लॅबमध्ये. मूल होत नाही म्हणून आलेल्या जोडप्यांचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे, हे माझं बावीस वर्षांचं काम. माझ्या टेबलामागची भिंत ओली झाली होती आणि ती ओल माझ्या यंत्रापर्यंत पोचेल या धास्तीने माझं डोकं आधीच फिरलं होतं. कानवाला आत आला तसं मी सिंककडे बोट दाखवलं.

“ताई, सांगू नका,” तो म्हणाला. “घरातलं माणूस बोट दाखवतं आणि मग कान तिथलंच ऐकतो. तुम्ही जरा बाहेर चहा घेऊन या.”

माझ्याच लॅबमधून मला बाहेर काढणारा तो पहिला माणूस. मी चडफडत गेले. परत आले तेव्हा त्याच्या सात जागा ऐकून झाल्या होत्या आणि तो पुन्हा पहिल्या जागी, दाराशेजारी, सळई लावून उभा होता.

“तिथे ऐकलंत ना मघाशी?”

“पहिल्या जागी कान नवा असतो, ताई. त्याला ही भिंत अजून कळलेली नसते. म्हणून शेवटी परत पहिल्यापासून.”

पाणी दाराशेजारीच निघालं. सिंकचा काही संबंध नव्हता. त्याने गिलावा केला, तो बाकीच्या भिंतीपेक्षा जरा पांढरा राहिला, आणि मी त्याबद्दलही कुरकुर केली. मी आहेच तशी.

दोन वर्षांनी तो दिसला आमच्या बाहेरच्या बाकावर, बायकोबरोबर. ती औषधाच्या दुकानात काउंटरवर काम करायची. लग्नाला सात वर्षं झाली होती. त्यातली सहा वर्षं एकट्या तिचीच तपासणी चालली होती. रक्त काढून झालं, पोटात दुर्बीण घालून झाली, सासूचे टोमणे तर जेवणाबरोबर रोजचे. त्याला तपासावं हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. जखम मांडीला आणि मलम शेंडीला! असली प्रकरणं मी वर्षानुवर्षं बघते आणि दरवेळी मला तितकाच राग येतो.

शेवटी त्याचा नमुना माझ्या टेबलावर आला. त्यात एकही शुक्राणू नव्हता. दुसऱ्यांदा घेतला, तेव्हाही नाही.

गंमत म्हणजे हे ऐकून त्याला हायसं वाटलं. “चोक आहे,” तो बायकोला म्हणाला. आयुष्य पाईपात गेलेला माणूस, त्याला दुसरं काय सुचणार? त्याने घरी आईलाही सांगून टाकलं, चोक आहे, काढतील. रिपोर्टच्या पाठीमागे त्याने चक्क नळ्यांची आकृती काढली, त्यावर फुली मारली आणि ती डॉक्टरांपुढे ठेवली.

डॉक्टरांनी आकृती नीट बघितली. मग म्हणाले, “काही जणांचं असतं असं. तुमचं नाही. तुमचा पाईप मोकळा आहे, टाकीतच पाणी येत नाहीये.”

ते त्यांना कशावरून कळलं, हेही त्यांनी सांगितलं. दोन्ही अंडकोष लहान होते. आणि त्यांना कामाला लावणारं जे द्रव्य मेंदूच्या तळाशी तयार होतं, ते रक्तात तिप्पट वाढलं होतं. “वरून ओरडून ओरडून सांगताहेत, काम करा. आतून ओ येत नाही.” जनुकांचा रिपोर्ट मात्र ठीक होता. त्यात एक ठरावीक तुकडा गायब असता तर डॉक्टरांनी सुरी हातातच घेतली नसती. आता शस्त्रक्रिया करून बघण्यात अर्थ होता. अशा अंडकोषातही एखाद्या कोपऱ्यात थोडं काम चालू असतं कधीकधी. दुर्बिणीतून बघत भरलेल्या, पांढरट नळ्या वेचायच्या आणि लॅबमध्ये पाठवायच्या.

“मग सापडतील ना?”

“तुमच्यासारख्या शंभरांत वीस जणांना सापडतात.”

तिथून तो उठला तो सरळ माझ्या दाराशी आला. चेहरा उतरलेला.

“ताई, वीस म्हणजे काय हो?”

“वीस म्हणजे वीस. शंभरांचं सांगता येतं, एकाचं नाही.”

“पण मी तर एकटाच आहे.”

 तो सळईशी चाळा करत उभा राहिला. “लोक मला विचारतात, फोडल्यावर सापडेल का. मी सांगतो, फोडल्याशिवाय कळत नाही. पंधरा वर्षं सांगतोय. किती वाईट उत्तर आहे हे, आज कळलं.”

बायकोने त्याला एक अट घातली होती. शस्त्रक्रिया एकदाच. नाही सापडले तर विषय बंद, आपण दोघं आहोत तेवढे पुरे. पुन्हा पुन्हा कापून घेतलेला नवरा तिला नको होता. ती ते मनापासून म्हणत होती आणि रात्री पाठ फिरवून रडतही होती, हे त्यानेच मला सांगितलं. म्हणजे जे व्हायचं ते त्या एका सकाळी होणार होतं.

मधल्या तीन आठवड्यांत कानवाल्याचा कान गेला. बहिरा नाही झाला, पण एका आठवड्यात त्याच्या तीन फुल्या चुकल्या. एका घरी त्याने स्वयंपाकघराचा अख्खा ओटा फोडला आणि खाली ठणठणीत कोरडं. “सळई लावली की आकडाच ऐकू येतो,” म्हणाला. हाताला काम होतं तोवर तो माणूस तरला होता. आता तेही हातचं गेलं. मला त्याची काळजी वाटत होती, आणि मला पेशंटची काळजी वाटलेली आवडत नाही. नजर चुकते.

तो दिवस उजाडला. सकाळी आठला त्याला आत घेतलं. त्याचा कागद माझ्याकडे आला, वरच्या उजव्या कोपऱ्यात डॉक्टरांच्या अक्षरात वीस. आमच्याकडे पद्धतच आहे ती. आधी अंदाज लिहायचा, मग निकाल, म्हणजे अंदाज किती बरोबर येतात ते पडताळता येतं. बाहेर बायको बाकावर बसली होती. त्याचं घड्याळ तिने स्वतःच्या मनगटात घातलं होतं, ते सारखं कोपरापर्यंत घसरत होतं. दाराच्या काचेतून मला ते दिसायचं. मी बघायचं नाही असं ठरवत होते आणि बघत होते.

वेचलेल्या नळ्यांची पहिली काचेची बशी आली. सगळी तांबडी, रक्ताच्या पेशींचा चिखल. काही नाही. दुसरी, काही नाही. सहावी, नववी. मान आखडली. अकरा वाजता ऑपरेशन थिएटरमधून डॉक्टरांचा फोन आला.

“दुसरी बाजूही झाली. तुमच्याकडे काही?”

“अजून तरी नाही.”

“मग टाके घालतो.”

शेवटच्या दोन बश्या उरल्या होत्या. त्याही बघितल्या. चौदा बश्या, तीन तास. मी पेन घेतलं आणि कागदावर लिहिलं, आढळले नाहीत. शोधायला लागलेल्या वेळेच्या रकान्यात तीन तास. वीसच तर होते, मनात म्हटलं. उठले, हातमोजे काढले, आणि आता तिच्याकडे कोणत्या तोंडाने जायचं याचा विचार करत दाराशी आले.

दाराशेजारी तो गिलावा होता. बाकीच्या भिंतीपेक्षा जरा पांढरा.

मी परत येऊन बसले. खरं सांगायचं तर आशेने नाही, भीतीने. बाहेर जायचं टाळायला मिळालं म्हणून. पहिली बशी पुन्हा घेतली. तीन तासांत तांबड्या पेशी तळाशी बसल्या होत्या आणि मघाचा चिखल बराच निवळला होता. मी कडेकडेने सरकत गेले. चाळीस मिनिटांनी, अगदी काठाशी, एक शेपूट हललं.

 मी डोळे पुसले, पुन्हा बघितलं. ते हलत होतं. मग शेजारचं दुसरं. दुसऱ्या बशीत आणखी तीन. ते पाच मी सुईने उचलले आणि गोठवून सुरक्षित ठेवले. बाकीच्या बश्याही पुन्हा बघितल्या, त्यांत काही नव्हतं.

बाहेर गेले तशी ती उभी राहिली. माझ्या तोंडाकडे बघून तिला काहीच कळेना.

“पाच सापडले.”

ती मटकन खाली बसली. “पाच पुरतात?”

“एका स्त्रीबीजाला एकच लागतो. पुढचं मी आज सांगू शकत नाही. पण पाच आहेत.”

ती रडली, मोकळेपणी, घड्याळाचा हात तोंडावर धरून. मग नाक पुसत म्हणाली, “ते पूर्ण शुद्धीवर आले की मीच सांगते. तुम्ही सांगितलंत तर विचारतील, विसाचे पाच कसे झाले.”

मी हसले. हसतच आत आले, कागदावरची ओळ खोडली आणि नवी लिहिली. कोपऱ्यातला वीस तसाच होता. वेळेच्या रकान्यात आता पाच तास लिहायचे होते. तिथे माझा हात थांबला.

मी कपाट उघडलं आणि जुने कागद काढले. कोपऱ्यात पन्नास, साठ असलेल्यांच्या रकान्यात पाच तास होते, साडेपाच, एकदा तर सात. पंधरा आणि वीसवाल्यांच्या रकान्यात तीन, अडीच, तीन. सगळं माझ्या अक्षरात. आकडा लहान तिथे मी लवकर उठले होते. खाली, आढळले नाहीत. पहिली बशी पुन्हा बघितल्याची नोंद त्या पंधरा-वीसवाल्या एकाही कागदावर नव्हती, कारण मी ती कधी बघितलीच नव्हती. प्रत्येक कागदामागे बाहेरच्या बाकावर कोणीतरी बसलेलं होतं, आणि मीच जाऊन त्यांना सांगितलं होतं.

डॉक्टरांचे अंदाज किती बरोबर येतात याचं इतकी वर्षं मला फार कौतुक होतं.