सगळ्या जनावरांसाठी एकच बंदूक

वनविभागाच्या कार्यालयातून फोन आला तेव्हा मी धरणगावच्या दवाखान्यात एका शेळीच्या खुरात मोडलेला काटा काढत होते.

"मॅडम, भुलीची बंदूक मंजूर झाली," पलीकडून साहेब म्हणाले. "पण एकच मिळणार. बिबट्यालाही तीच, रोहीलाही तीच, माकडालाही तीच. कोणती घ्यायची ते तुम्ही लिहून द्या."

मी सरकारी पशुवैद्य. माहेर धुळ्याचं, देवपूरचं. घरात कुणी साधी गलोलसुद्धा हातात धरलेली नव्हती. नोकरी लागल्यावर वन्यप्राण्यांना भूल देण्याचं आठ दिवसांचं प्रशिक्षण घेतलं आणि तेव्हापासून आसपासच्या तालुक्यांत कुठेही जंगली जनावर अडकलं की मला बोलावणं येऊ लागलं. बंदूक मात्र दुसऱ्या जिल्ह्यातून यायची. ती पोहोचेपर्यंत जनावर एकतर निसटलेलं असायचं, नाहीतर मेलेलं. त्यामुळे फोन ठेवल्यावर मला आनंद झाला, आणि लगेच धास्तीही वाटली. माकड आठ-दहा किलोचं. रोही म्हणजे नीलगाय, तिचा नर दोनशेच्या पुढे. या दोघांना एकच बंदूक कशी पुरायची?

आठवड्याभरात एक विक्रेता दोन बंदुका घेऊन जळगावला आला. वनविभागाच्या मोकळ्या आवारात आम्ही केळीचे दोन जाडजूड खांब उभे केले. पहिली बंदूक काडतुसाच्या जोरावर चालणारी होती. सत्तर पावलांवरून मी चाप ओढला आणि सुईचा डार्ट खांबात नेमका बसला. माझं मलाच खरं वाटेना. दुसरी बंदूक गॅसवर चालणारी. तिच्यावर दाब दाखवणारा काटा होता, अंतर बघून दाब कमी-जास्त करायचा. तिचा डार्ट चाळीस पावलांपलीकडे खाली झुकायला लागला.

"रोही माणसाला शंभर पावलांवर उभं करत नाही," साहेब म्हणाले. "लांबचीच घेऊ."

मलाही तेच वाटत होतं. कागदावर तसं लिहायलाही घेतलं, पण सही करायचं राहून गेलं.

त्याच सुमारास एका खेड्यातल्या आबांच्या म्हशीला पाहायला जावं लागलं. आबांचं वय ऐंशीच्या पुढे, पाठ ताठ. तरुणपणी, शिकारीवर बंदी येण्याआधी, ते पंचक्रोशीत शिकारी म्हणून माहीत होते. म्हशीच्या कासेत औषध सोडता सोडता मी सहज माझी अडचण सांगितली.

आबा ऐकत राहिले. मग म्हणाले, "मनी बी एकच व्हती. एकनळी. ससा तिनावरच, डुक्कर तिनावरच, रोही बी तिनावरच."

"मग लांबच्या जनावराचं काय करायचात?"

"जवळ जावानं."

"किती जवळ?"

त्यांनी गोठ्याच्या दारातून बाहेरच्या निंबाकडे बोट केलं. झाड वीस-पंचवीस पावलांवर असेल. मी हसले. ते हसले नाहीत.

"सकायमा या. दखाडसू."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी त्यांच्या मळ्यावर पोहोचले. थंडीचे दिवस होते. वेचणीला आलेली कपाशी, पलीकडे तूर, त्याच्याही पलीकडे नाला. आबांनी बोंडातला कापसाचा एक पुंजका काढला, बोटांनी पिंजला आणि हवेत सोडला. तो तरंगत आमच्याकडेच आला. वारा तुरीकडून येत होता. आबांनी मान हलवली आणि चालायला लागले.

ते सरळ चाललेच नाहीत. चार पावलं डावीकडे, मग थांबायचं. खाली वाकून एखादं बोंड वेचायचं. मग दोन पावलं उजवीकडे. समोर बघायचंच नाही. मी मान वर केली की ते हळूच म्हणायचे, "रोहीना डोयामा पाहू नका." तुरीपर्यंतचं अंतर कापायला आम्हाला पाऊण तास लागला असेल. माझे पाय दवाने भिजून बधिर झाले होते. मग आबा बसले, मीही बसले, आणि त्यांनी हनुवटीनेच समोर दाखवलं.

तुरीच्या कडेला रोहीचा नर उभा होता. रोही मी शेकडो वेळा पाहिले होते, पण ते गाडीतून, लांबून, पळताना. हा पळत नव्हता. शेंगा ओरबाडत होता आणि शेंग तुटल्याचा बारीक आवाज मला ऐकू येत होता. त्याच्या नाकातून वाफ निघत होती. अंगाचा रंग पावसाळी आभाळासारखा, गळ्यावर पांढरा ठिपका, छातीवर केसांचा गोंडा. एका कानावर गोचीड होती, तीसुद्धा मला दिसली. आयुष्यभर गुराढोरांत हात घातलेली बाई मी, पण श्वास घ्यायची भीती वाटली. एवढं मोठं जनावर कुणी चारलं नाही, पाजलं नाही, आणि ते एवढं घट्ट, एवढं चकचकीत, आमच्यापासून पंचवीस पावलांवर आपला नाश्ता करत होतं.

परतताना आबा म्हणाले, "लांबनी बंदूक लिशात, ते जवळ जावानं कधीच शिकाव नहीत."

मी पुन्हा जळगावला गेले आणि विक्रेत्याला विनंती करून दोन्ही बंदुका दहा पावलांवरून चालवून पाहिल्या. पहिलीचा डार्ट केळीच्या खांबात शेपटीपर्यंत घुसला. त्या जागी माकडाची मांडी असती तर हाड शाबूत राहिलं नसतं. दुसरीचा दाब खाली आणला तेव्हा सुई तेवढी टोचली आणि डार्ट लोंबत राहिला. त्या संध्याकाळी मी गॅसच्या बंदुकीचं नाव लिहून सही केली.

साहेब नाराज झाले. "रोहीपर्यंत पोहोचणार कसे?"

"चालत," मी म्हटलं.

बंदूक आल्यावर पहिला आला तो बिबट्या. तापीकाठच्या एका गावात केळीबागेच्या कुंपणाला लावलेल्या फासात त्याचं कंबरडं अडकलं होतं. मला जागा मिळाली ती आठ पावलांवर. काटा अगदी खाली आणला आणि चाप ओढला. 'फुस्स' एवढाच आवाज झाला. दहा मिनिटांनी त्याची मान जमिनीला टेकली. डोळ्यांवर फडकं टाकून मी त्याचा पंजा हातात घेतला. तळवा उबदार होता, आणि एखाद्या जुन्या चपलेसारखा खरखरीत. बोटाने जरा दाबलं तर नखं बाहेर आली आणि सोडल्यावर आत गेली. मी ते दोनदा केलं. दुसऱ्यांदा करायचं काही कारण नव्हतं.

पण साहेबांनी विचारलेला रोही अजून बाकी होता. तो हिवाळा संपता संपता आला, तोही आबांच्याच शिवारात. एका नराच्या गळ्यात डुकरांसाठी लावलेल्या फासाची क्लचवायर रुतली होती. लोक सांगत होते की त्याला पाणी पितानाही त्रास होतो. मी आबांना फोन केला.

"मी पुढे चालस," ते म्हणाले. वनरक्षकांना त्यांनी बांधावरच बसवून ठेवलं.

या वेळी सव्वा तास लागला. तीस पावलांवर आल्यावर आबा थांबले आणि बाजूला झाले. मी गुडघ्यावर बसले, अंतर पाहून दाब लावला. वजनाचा अंदाज मनात तीनदा केला होता, तो आणखी एकदा केला आणि चाप ओढला. डार्ट मांडीवर बसला. रोही उडालाच. वीस-तीस पावलं पळाला, थांबला, वळून आमच्याकडे पाहिलं. आम्ही दगडासारखे बसून राहिलो. हळूहळू त्याची मान खाली येऊ लागली, मग पुढचे गुडघे मोडले आणि तो बसला.

आम्ही धावलो. डोळे झाकले, वायर कापली. जखमेत किडे पडले होते, ते काढून जखम धुतली, औषध भरलं. काम चालू असताना आबा चार हातांवर उभे होते.

"आबा, या ना. मान धरा."

ते खाली बसले. आधी त्यांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. मग तळवा त्याच्या मानेवर ठेवला, आणि तिथून हळूहळू छातीकडे नेला. छाती वर-खाली होत होती. त्याबरोबर आबांचा हातही वर-खाली होत होता.

"कितला मारात मी," ते म्हणाले. "जिवताले आज पहिल्यांदा हात लावा." मग हात तसाच ठेवून, "माले वाटे, मी यास्ले वळखस."

मीही छातीवर हात ठेवला. आमच्या दोघांच्याही हाताखाली तेच हृदय चाललं होतं, संथ, एखाद्या खोल विहिरीवरच्या मोटरीसारखं.

भूल उतरवणारं इंजेक्शन दिलं आणि आम्ही मागे सरलो. दोन-तीन मिनिटांत कान हलले. तो उठला, डळमळला, पुन्हा उभा राहिला. मग एकाएकी त्याचं सगळं अंग त्याला परत मिळाल्यासारखं दिसलं, आणि तो नाल्याचा काठ एका उडीत ओलांडून गेला. तेवढ्या मोठ्या देहाचा पडतानाही आवाज झाला नव्हता, उडी मारतानाही झाला नाही. वनरक्षक बांधावर उभे राहून बघत होते. कुणी मोबाईल काढला नाही.

पंधरा दिवसांनी शेजारच्या गावातल्या एका शेतकऱ्याचा फोन आला. आवाजात राग होता.

"मॅडम, गळ्यावर जखमेचा पट्टा पडलेला रोही तुम्हीच सोडला ना? रोज माझ्या हरभऱ्यात येतो. घाटे खाऊन गेला सगळे."

"खातो का नीट?" मी विचारलं. "गिळताना त्रास होतो का?"

त्याचा आवाज उतरला. "नाही. चांगला खातो."

मी नुकसानभरपाईचा अर्ज कुठे करायचा ते त्याला नीट समजावून सांगितलं, आणि फोन ठेवल्यावर आबांना लावला.