उन्हातले वायपर

आमच्या गाडीला पाऊस कळतो, असं विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं होतं. पुढच्या काचेला, आरशाच्या मागे, एक सेन्सर असतो. काचेवर पाणी पडलं की त्याला ते समजतं आणि वायपर आपोआप फिरायला लागतात. आपण फक्त दांडी 'ऑटो'वर ठेवायची. मला हे फार आवडलं. आमच्या घरात सांगितल्याशिवाय स्वतःहून काम करणारं निदान कोणीतरी आलं, असं वाटलं.

गाडी घेतली दसऱ्याला, म्हणजे पाऊस पाठ फिरवून गेल्यावर. मी म्हसळ्याच्या शाळेत शास्त्र शिकवते आणि राहते श्रीवर्धनजवळच्या गावात, सासरच्या सुपारीच्या वाडीत. मधला सगळा रस्ता वळणांचा आणि चढणीचा. इतकी वर्षं मी तो एसटीने केला. एसटी चुकली की पहिला तास चुकायचा आणि मुख्याध्यापक घड्याळाकडे बघत माझी विचारपूस करायचे. पन्नाशीला टेकल्यावर मी गाडी शिकले, लायसन्स काढलं आणि स्वतःच्या पगारातून गाडी घेतली. दिवस पहिल्यांदाच माझ्या हातात आला. परतताना वाटेत थांबून मासळी घ्यावी, नाहीतर उगाच समुद्रावर जाऊन काचा खाली करून बसावं, कोणाला सांगायची गरज नाही. ही चैन मला सोडायची नव्हती.

तर गाडी घेतल्यानंतरच्या पहिल्याच सोमवारी, आभाळात औषधालाही ढग नसताना, वायपर सुरू झाले. कोरड्या काचेवर करकर करकर. मी दांडी हलवली, वायपर थांबले. पुन्हा 'ऑटो'वर टाकली, पुन्हा सुरू. म्हसळ्याच्या बाजारात शिरले तेव्हा ऊन मी म्हणत होतं आणि माझे वायपर घाईघाईने फिरत होते. कोपऱ्यावरच्या मासेवालीने डोक्यावर हात धरून वर पाहिलं आणि मला विचारलं, "बाई, तुमच्याकडं पाऊस हाय का?" शाळेत शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना हे दुपारपर्यंत कळलं होतं.

संध्याकाळी यजमानांना सांगितलं. त्यांनी काच पाहिली, पुसली, गावातून एक फेरी मारून आणली आणि म्हणाले, काहीच नाही, तूच काहीतरी दाबलं असशील. रविवारी वाडीला पाणी लावून झालं की त्याच पाइपाने ते गाडी धुतात, आणि कसलं धुतात, म्हैस धुवावी तशी शाम्पू लावून घासून धुतात. मग गाडी समुद्रापर्यंत नेऊन आणतात. वायपर गप्प. सोमवारी मी निघाले की करकर.

हे असं होत राहिलं. यजमानांचा निष्कर्ष झाला की गाडी बाईमाणसाला ओळखते. ते हे पाहुण्यांना सांगत, पाहुणे हसत आणि चहा मी करायचा.

मी हार मानणारी नाही. गाडीबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक वाचून काढलं. सेन्सर किती हळवा ठेवायचा याचं एक चाक दांडीवर होतं, ते अगदी खालपर्यंत फिरवलं. वायपर जरा सावकाश करकरायला लागले, इतकंच. मग वायपरची रबरं बदलली. मग मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. त्यात एक गृहस्थ हिंदीत सांगत होते की काच गेली असेल तर बदलून घ्या, आणि हे सांगताना हसत होते. माझा धाकटा भाऊ न्हावा शेव्याला ट्रेलर चालवण्याचा धंदा करतो. त्याला फोन केला. त्याच्याकडे गाडीच्या सगळ्या दुखण्यांवर एकच औषध आहे. "ताई, फ्यूज काढून फेकून दे," तो म्हणाला. पावसात काय करू विचारलं तर म्हणाला, पावसात परत घाल.

शेवटी गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. तिथे आधी गाडी धुतात आणि मग तपासतात. काँप्युटर लावून त्यांनी सांगितलं, दोष नाही. मी म्हटलं, आहे. त्यांनी नळीने पाणी मारून दाखवलं, वायपर फिरले. पाणी बंद केलं, थांबले. तिथला इंजिनिअर माझ्याशी फार प्रेमाने बोलला, आजारी माणसाशी बोलतात तसं. पुढच्या वेळी गाडी सोमवारीच आणा म्हणाला. सोमवारी मला शाळा असते.

'ऑटो' बंद करून वायपर हाताने चालवता येतात, हे मलाही कळत होतं आणि मी तसं करतही होते. पण यजमानांनी एव्हाना वेगळाच सूर धरला होता. आज वायपर मनाने चालतात, उद्या ब्रेक चालतील. अशा गाडीने पावसाळ्यात घाट चढायचा नाही. एप्रिल उजाडला तसं त्यांनी म्हसळ्यातला एक गिऱ्हाईक बघूनही ठेवला. गाडी विकायची आणि मी पुन्हा एसटीने जायचं, असं त्यांच्या मनाने ठरवलं. ते वाईट माणूस नाहीत, त्यांना भीती वाटत होती आणि भीती वाटली की ते हुकूम सोडतात. पण मला संताप यायचा तो यायचाच.

त्यात सासूबाई. गाडी घेताना त्या म्हणाल्या होत्या, एसटीला काय झालं? पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही. त्या गाडीत कधी बसल्या नाहीत. गाडी विकायचं निघालं तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या, मान वर करून बघितलंही नाही. मी मनात म्हटलं, झालं यांच्या मनासारखं.

गिऱ्हाईक सोमवारी सकाळी येणार होता. मी शाळेला निघायच्या आधी तो गाडी चालवून बघणार होता. यजमानांनी रविवारी गाडी नेहमीपेक्षा जोरात घासली. मला मात्र रात्रीपासूनच एक दुष्ट आशा वाटत होती, की उद्या सोमवार आहे. वायपर नाचले तर गिऱ्हाईक पळेल. पण तो पळाला तर दुसरा येईल, हेही कळत होतं. दुखणं सापडल्याशिवाय गाडी माझी राहणार नव्हती.

सकाळी डबा भरता भरता गाडीवर एकदा शेवटची नजर टाकावी म्हणून मी पडवीत आले. एरवी या वेळी मी पोळपाटासमोर असते. सासूबाई पूजेची फुलं काढायला अंगणात गेल्या होत्या. परडी त्यांनी बॉनेटवर ठेवली होती आणि स्वतः टाचा उंचावून गाडीच्या पुढच्या काचेवर रेलल्या होत्या. त्यांच्या हातात माडाच्या झावळीचे दोन-तीन हीर एकत्र बांधून केलेली काडी होती आणि तिच्या टोकाला कापूस. कापूस काळा होता. तो त्या काचेच्या वरच्या भागात मधोमध, आरशाच्या मागच्या काळ्या पट्ट्यावर, मन लावून टेकवत होत्या.

तीट लावत होत्या. घरी धरलेलं काजळ, खोबरेल तेलात कालवून.

मी दहावीच्या मुलांना दर वर्षी प्रकाशाचं परावर्तन शिकवते. सेन्सर काचेतून प्रकाश सोडतो, काच कोरडी असेल तर तो परत येतो, वर पाणी असेल तर थोडा बाहेर निसटतो. पाण्याने निसटतो तसा तेलानेही निसटतो. रविवारी शाम्पूने तीट जायची, सोमवारी नवी लागायची. आणि काळ्या पट्ट्यावरचं काळं कोणाला दिसणार? मी पडवीच्या खांबाला धरून इतकी हसले की यजमान दाढीचा फेस तसाच ठेवून बाहेर आले.

पुढचं सगळं घाईत झालं. मी गाडी सुरू केली, 'ऑटो' लावलं, करकर सुरू. साबणाचं फडकं घेऊन तेवढा भाग घासला, कोरडा केला. वायपर थांबले ते थांबलेच. यजमानांनी तीन वेळा माझ्याकडून तेच करून घेतलं. सासूबाईंना पुन्हा तीट लावायला लावली, पुन्हा पुसली. गिऱ्हाईक आला तेव्हा आम्ही तिघंही गाडीभोवती होतो. यजमान त्याला म्हणाले, गाडी विकायची नाही, कोकम सरबत घ्या. तो बिचारा सरबत पिऊन गेला. ब्रेकचा विषय पुन्हा निघाला नाही. ते फक्त म्हणाले की पावसात घाटात हळू जा, आणि फेस पुसायला आत गेले.

मग मी सासूबाईंकडे वळले. काजळाची डबी त्यांनी पदराखाली घेतली होती. मी त्यांना समजावलं की आई, तीट लावा, पण तेवढी जागा सोडून. बॉनेटला लावा, नंबराच्या पाटीमागे लावा, गाडीला काय, कुठेही चालेल.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. वर्गात एखाद्या मुलाने फारच सोपी गोष्ट चुकवली की मी बघते तसं.

"गाडीला कशाला लावू गो? ते लोखंड," त्या म्हणाल्या. "तू रोज त्या काचेमागं बसून घाट चढतेस. तुझ्या गालाला काळं लावायला आले असते, तर लावू दिलं असतंस?"

नसतं दिलं. मास्तरीण आहे मी, शास्त्राची. त्यांना ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं, म्हणून त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. घड्याळ बघितलं, पहिला तास जवळजवळ गेलाच होता. मी त्यांच्यासमोर वाकले आणि कान पुढे केला.

"आधी चष्मा काढ," त्या म्हणाल्या.