धुरीकाकांचं विमान

आमच्या मजल्यावरच्या धुरीकाकूंच्या स्वयंपाकघरात भिंतीवर एक पांढरी फळी आहे. तिच्यावर काळ्या ऑइलपेंटने झारा, पळी, उलथणं, चिमटा, किसणी आणि नारळ खवायची विळी अशा सगळ्यांच्या आकृत्या काढलेल्या. झारा खुंटीवर असला की आकृती झाकलेली, नसला की भिंतीवर काळा झारा दिसतो. नव्याने येणारी माणसं ही काहीतरी कोकणातली चित्रकला समजून कौतुक करतात. काकू म्हणायच्या, "माझीच तेवढी आकृती काढायची राहिलीय. माहेरी गेले की भिंतीवर दिसेन."

ही करामत काकूंचे यजमान भिकाजी धुरी यांची. लालबागची आमची चाळ पाडून टॉवर झाला, त्याच वर्षी काका वायुसेनेतून वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त होऊन कायमचे घरी आले. विमानं उडवणाऱ्यांतले नव्हेत, विमानं उडण्याजोगी ठेवणाऱ्यांतले. सगळी हयात हिंदी मुलुखात गेल्यामुळे त्यांची मालवणी शिव्यांपुरती उरली होती, पण ती अस्सल. 'मेल्या' हा शब्द ते इतक्या मायेने उच्चारत की ऐकणाऱ्याला बढती मिळाल्यासारखं वाटे.

मला पहिली बढती मिळाली ती गणपतीत. आमच्या मंडळाचा हलता देखावा होता. सोंड हलवणारा ऐरावत. मोटार आणि साखळी बसवण्याचं काम माझ्याकडे, आणि हत्यारांची पेटी काकांकडे. अर्थात पेटीतही प्रत्येक हत्याराची आकृती. पडदा उघडायची वेळ झाली, प्रमुख पाहुणे हार घालून घामाघूम उभे, बाहेर रांग पार चौकापर्यंत गेलेली, आणि काका पडद्यासमोर हात पसरून उभे राहिले. दहा नंबरच्या पान्याची जागा रिकामी होती. पाना मिळाल्याशिवाय मोटार चालू होणार नाही.

कार्यकर्त्यांनी विनवण्या केल्या, नवा पाना आणून देतो म्हणाले, एकाने तर त्यांना उचलून बाजूला ठेवायचा प्रस्ताव मांडला. काका शांत. "हत्यार हरवलं म्हणजे ते कुठेतरी आहे," ते म्हणाले, "आणि कुठेतरी म्हणजे आतच असतं." पाऊण तासाने पाना सापडला. ऐरावताच्या पोटात, साखळीला टेकून. ठेवणारा अर्थातच मी. बटण दाबलं असतं तर ऐरावताने सोंडेसकट पाहुण्यांना मिठी मारली असती. काकांनी पाना पुसला, जागेवर ठेवला आणि एवढंच म्हणाले, "मेल्या, पोट उघडं असताना मोजायचं."

त्या दिवसापासून मी त्यांचा भक्त. रविवारी सकाळी त्यांच्याकडे चहा, आणि चहाबरोबर विमानं. त्यांच्या कथांत एक पात्र कायम असे, मित्रदेश. आता हा मित्रदेश कुठला, हे काकूंनाही ठाऊक नव्हतं. मी खोदून विचारलं की ते म्हणत, "नोकरीतल्या मित्राचं नाव घरी सांगू नये." मी नकाशावरचे देश एकेक करून म्हणायचो आणि त्यांच्या भुवईकडे बघायचो. भुवई कधी हलली नाही.

त्यांनी एवढं सांगितलं होतं की संयुक्त सराव असला की मित्रदेशाची विमानं आपल्या तळावर उतरत, आपली त्यांच्याकडे जात. प्रत्येकाने आपली सगळी माणसं आणि सामान ओढत नेण्यापेक्षा करार असा की तुमची विमानं आमची माणसं बघतील, आमची तुमची. इंधन भरायचं, टायर तपासायचे, विमानाभोवती फेरी मारून डोळ्यांनी सगळं पाहायचं. पण काही झाकणं अशी की ती फक्त मालकाने उघडायची. त्यांचे पाने इंचाचे, आमचे मिलिमीटरचे. पहिल्या दिवशी दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या पेट्या उघडून नव्या सुनेचे दागिने बघावेत तशी बघत बसत.

आपल्या तळावरच्या अशाच एका सरावात त्यांना योनास भेटला. मित्रदेशाच्या मालवाहू विमानाचा तंत्रज्ञ, विमानाबरोबरच फिरणारा. दोघांची इंग्रजी दोन वेगळ्या गावची, त्यामुळे बोलणं हातांनीच. काकूंनी पाठवलेली गुळात घोळलेली मालवणी खाजी त्याने पहिल्या दिवशी चाखली आणि दुसऱ्या दिवशी डबाच पळवला. ही गोष्ट काका नक्कल करून सांगत आणि आम्ही हसत असू. पण ती इथेच थांबे. पुढे योनासचं काय झालं विचारलं की काका उठून गॅलरीत जात.

पुढचं मला त्यांनी गेल्या वर्षी सांगितलं, परळच्या इस्पितळात. फुप्फुसाचा आजार होता आणि डॉक्टरांच्या बोलण्यात 'बघू' हा शब्द फार यायला लागला होता.

सराव संपून योनासचं विमान परत निघायचं होतं. काका शेवटची फेरी मारत असताना त्यांना मागच्या चाकापाशी ओल दिसली. तेल होतं. त्यांनी पुसलं, पुन्हा आलं. घड्याळ लावून मिनिटाला किती थेंब पडतात ते मोजलं. योनासने आपली वही उघडून दाखवली. मर्यादेच्या आत होतं. काकांनी थोड्या वेळाने पुन्हा मोजलं. अजून मर्यादेच्या आतच, पण पहिल्यापेक्षा जास्त.

"वहीत थेंब किती ते विचारलेलं होतं," काका मला म्हणाले. "थेंब वाढतायत का, ते विचारलेलं नव्हतं."

वरचं झाकण उघडलं असतं तर कळलं असतं. पण ते झाकण मालकाचं. काका आपल्या साहेबांकडे गेले. साहेब भले गृहस्थ, त्यांनी करार काढून दाखवला. त्यांचं विमान, त्यांची वही. काकांनी शेरा लिहिला, योनासने वाचला, त्यांच्या वैमानिकाला दाखवला, त्याने मान डोलावली. मग आपल्याकडचं काम पूर्ण झाल्याच्या कागदावर काकांनी सही केली. चाकांखालचे ठोकळे त्यांनीच ओढले. योनासने दारातून खाज्यांचा डबा हलवून दाखवला.

त्यानंतर काही कळलं नाही. चार दिवसांनी काकांची बदली झाली, नव्या तळावरच्या पुढच्या सरावाला दुसरं विमान आलं, दुसरी माणसं आली. त्यांना विचारलं तर ती हसली. समजलं नाही म्हणून हसली की सांगायचं नव्हतं म्हणून, हेही काकांना कळलं नाही.

मी म्हटलं, पडलं असतं तर बातमी आली असती.

"कुठल्या पेपरात? कुठल्या भाषेत?" काका म्हणाले. मग उशीखालची छोटी वही काढून तिच्या मागच्या पानावर त्यांनी देशाचं नाव लिहिलं आणि पान फाडून माझ्या हातात दिलं. "सत्या, तुझं इंग्रजी बरं आहे. एवढं विचारून दे."

तो देश मी इथेही सांगणार नाही. पण इंग्रजी मी पणाला लावलं. इंटरनेटवर रात्रंदिवस शोधलं, पण आडनाव नाही, विमानाचा नंबर नाही, नुसता योनास. त्यांच्या वकिलातीला लिहिलं. त्यांचं अतिशय गोड पत्र आलं की ही माहिती आपल्या देशाच्या संमतीने देता येईल, तरी आपल्या वायुसेनेच्या कार्यालयाकडे विचारणा करावी. आपल्या कार्यालयाकडे विचारणा केली. तिथून उत्तर आलं की माहिती मित्रदेशाची असल्याने त्यांच्याकडे विचारणा करावी. दोन्ही पत्रं शेजारी ठेवली तर मजकूर जुळ्या भावांसारखा. मी दोन्ही पुन्हा पाठवली, उलटसुलट. पुढे उत्तरंही थांबली.

काका रोज विचारत नसत. मी आत शिरलो की आधी माझ्या हातांकडे बघत, कागद आहे का म्हणून.

शेवटी मी माझ्या पद्धतीने काम करायचं ठरवलं. मंडळाच्या नाटकांत वीस वर्षं खोटं बोललोय, टाळ्या घेतल्यात. दुपारी चारच्या भेटीच्या वेळेला मी खाटेशी गेलो आणि सांगितलं की वकिलातीतून फोन आला होता. विमान सुखरूप पोचलं. तिथे झाकण उघडलं तर एक रबरी सील झिजलेलं निघालं, बदललं. योनास निवृत्त झालाय, शेती करतो, खाज्यांची आठवण काढत होता. शेती कसली ते काकांनी विचारलं. बटाट्याची, मी म्हणालो. काकू पदर डोळ्यांना लावून बाहेर गेल्या. प्रवेश उत्तम झाला होता.

काकांनी वही काढली आणि माझ्यापुढे केली. "लिही. विमान सुखरूप पोचलं. तंत्रज्ञ सुखरूप. तारीख घाल." मी लिहिलं. "आता खाली सही कर."

पेन माझंच होतं. चांगलं चालत होतं. मी ते कागदावर टेकवलं आणि वर बघितलं, तर काका माझ्याकडे नाही, पेनाच्या टोकाकडे बघत होते. श्वास धरून. मला ती सही करता आली नाही. मी पेनाला टोपण लावलं.

ते रागावले नाहीत. वही मिटून त्यांनी माझ्याच हातात ठेवली. "सही केली असतीस तर मी विश्वास ठेवला असता रे," म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

सहाव्या दिवशी काका गेले.

काकूंना खरंच वाटतं की विमान पोचलं. तेराव्याला त्यांनी दोघा-तिघांना बटाट्याच्या शेतीसकट सांगितलं आणि मी मान डोलावत उभा होतो. एक सही केली असती तर त्या माणसाला पाच रात्री झोप लागली असती, असं मला अजून वाटतं. वही माझ्याकडे आहे. विमान सुखरूप पोचलं, तंत्रज्ञ सुखरूप, असं तिच्यात माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे. अधूनमधून मी ती काढतो, पेनही काढतो. खालची जागा मोकळीच आहे.